पेठेतल्या कॉटमालकांना खुले पत्र: माझी गादी जिन्याखालून वर येऊ द्या

पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी पेठेतल्या समस्त कॉट बेसिसवाल्या, म्हणजे खोलीऐवजी एकेक कॉट भाड्याने देणाऱ्या काका-काकूंना,

सा. न. वि. वि.

मी तुमच्यापैकीच एकांकडे दुसऱ्या मजल्यावर, दारापासून तिसऱ्या कॉटवर राहते. घर कुठलं, गल्ली कुठली ते सांगत नाही. माझं भांडण एका घराशी असतं तर खाली जाऊन काकूंशी बोलून आले असते. तशी दोनदा बोललेही. पण मागच्या महिन्यात आमच्या जिन्यात जो कागद लागला, तोच आठवड्याभरात मैत्रिणींच्या दोन घरांत लागला. शब्दन् शब्द तोच, खालचा फोन नंबर तेवढा वेगळा. म्हणजे तुम्ही आपसात बोलता. म्हणून मीही सगळ्यांशी एकदमच बोलते.

कागद असा आहे: ‘सर्व मुलींना कळविण्यात येते की, १ तारखेपासून बाहेरील गादी आणण्यास सक्त मनाई आहे. ढेकूण होतात. गादी आमचेकडूनच घ्यावी. गादीभाडे दरमहा रु. २५०/-. गादीवर डाग पडल्यास दंड रु. ५००/-. चर्चा करू नये.’

पुणेरी पाटी म्हणून पहिल्या दिवशी आम्हीही हसलो. एकीने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. चौथ्या दिवशी माझी गादी आली आणि माझं हसू गेलं.

ही गादी बार्शीहून एसटीने आली. सुतळीने करकचून बांधलेली वळकटी, वर प्लॅस्टिक, त्यावर मार्करने माझं नाव आणि ‘स्वारगेट’. स्वारगेटहून रिक्षात मी आणि गादी शेजारी शेजारी बसून आलो. रिक्षावाले काका म्हणाले, ‘लग्नाचं सामान का?’ म्हटलं, परीक्षेचं. दारात काकूंनी कागदाकडे बोट दाखवलं. तेव्हापासून ती गादी जिन्याखाली, पाण्याच्या मोटारीशेजारी उभी आहे. आज नववा दिवस. पाऊस लागून राहिलाय आणि प्लॅस्टिकच्या आत कापूस हळूहळू ओल धरतोय, हे मला वरच्या मजल्यावरून, न बघता कळतं.

कसं कळतं? माझे अब्बा गाद्या भरतात. आजोबा कापूस पिंजायची धुनकी खांद्यावर टाकून गावोगाव हिंडायचे. तिच्या तातीचा, म्हणजे ताणलेल्या दोरीचा आवाज आला की बाया जुन्या गाद्या-उशा घेऊन ओट्यावर यायच्या. अब्बांनी गाळा घेतला, पिंजायचं मशीन बसवलं. मी दहावीपर्यंत शाळेतून आले की खोळींना कडेचे टाके घालायचे. नाकातोंडात कापूस, केसांत कापूस. (आडनाव ऐकल्यावर पुण्यात दोन खोल्या ‘आत्ताच भरल्या’ होत्या, पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. आत्ताच्या काकूंनी तसं काही विचारलं नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते.) तेव्हा गादी या एका विषयात मला राज्यसेवेच्या परीक्षेपेक्षा जास्त मार्क पडतील.

आता तुमच्या गादीविषयी.

मला मिळालेली गादी वरून छान आहे. निळ्या फुलांची खोळ, कडेला गोट. झोपलं की कंबर खाली जाते आणि डोकं नि पाय वर राहतात, साडीच्या झोळीत बाळ झोपतं तसं. पहिल्या आठवड्यात फोनवर अब्बांना सांगितलं. ते म्हणाले, ‘मधोमध गुडघा टेकव. फळी लागते का?’ लागली. ‘मग ती गादी नाही बेटा, नुसती खोळ आहे.’

मग एका रात्री मी एक आगाऊपणा केला, तो इथे कबूल करते. ब्लेडने कडेची वीतभर शिवण उसवली आणि मोबाइलच्या उजेडात आत हात घातला. वरचा थर दोन बोटं कापसाचा, तोही काळपट, सरकीची टरफलं असलेला. त्याखाली होजिअरीच्या चिंध्या: बनियनचे काठ, लेगिंग्जच्या कातरणी. फोमचे पिवळे पडलेले तुकडे, बोटात धरले की भुगा होणारे. सिमेंटच्या पोत्याचे दोरे. कुठल्याशा निवडणुकीच्या टी-शर्टाची बाही, त्यावर अर्धं चिन्ह. आणि लहान मुलाचा एक मोजा. मोजा मी बाहेर काढून ठेवला, बाकीचं परत कोंबलं आणि दाभणाने शिवून टाकलं. माझे टाके मूळच्यापेक्षा सरळ आलेत, त्यामुळे ५०० रुपयांच्या दंडातून सूट मिळावी.

ही भरताड कोणी भरून दिली त्यालाही मी फार दोष देत नाही. ‘वरून बरी दिसली पाहिजे, चौदा नग, स्वस्तात स्वस्त’ अशी ऑर्डर आली की दुकानदार हेच करतो. अशी ऑर्डर आमच्या दुकानातही येते. अब्बा निम्म्या परत पाठवतात, निम्म्या घेतात. घर चालवायचं असतं.

गादीखाली काय आहे तेही बघा. तुमच्या लोखंडी कॉटवर प्लायवूडचे दोन तुकडे टाकलेत. दोन्हींच्या मध्ये चार बोटांची फट, आणि ती बरोबर कमरेखाली येते. एका मैत्रिणीकडे प्लायही नाही, पत्र्याच्या पट्ट्या आहेत. एक तुटली की ओढणीने बांधायची. तिच्या घरमालक काकांनी तिला ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ असं ऐकवलं होतं. ती पाच फूट आठ इंच आहे. पसरले, ते कॉटबाहेर गेले.

कंबर दुखायला लागून मला सात महिने झाले. खरं ते सांगते: सगळं खापर मी गादीवर फोडत नाही. अभ्यासिकेत रोज नऊ-दहा तास प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसते, चालणं म्हणाल तर मेसपर्यंत. पण माझं दुखणं सकाळी सगळ्यात जास्त असतं. उठल्यावर पाच मिनिटं बेसिन धरून उभी राहते, दहा-अकरापर्यंत ढिली होते, रात्री जरा बरी असते, आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी वाकायला लावलं, पाय उचलायला लावले आणि मग विचारलं, ‘झोपतेस कशावर?’ मी म्हटलं, कॉट बेसिसवर. त्या नुसत्या हसल्या. त्याही कधीतरी पुण्यात शिकल्या असणार.

त्यांनी जे समजावलं ते असं. मणक्यांच्या मधल्या चकत्या दिवसभर वजनाखाली दबतात आणि त्यांतलं पाणी थोडं थोडं बाहेर जातं. रात्री आडवं झालं की त्या पाणी परत शोषून घेतात आणि फुगतात. म्हणून माणूस सकाळी रात्रीपेक्षा साधारण सेंटिमीटरभर उंच असतो. हे आमच्या खोलीत कोणालाच नवीन नव्हतं! पीएसआयच्या उंचीमोजणीला जाणारी मुलगी मोजणी होईपर्यंत शक्य तितकी आडवी पडून राहते, ही विद्या पेठेत पिढ्यान् पिढ्या चालत आलीय. पण त्यासाठी रात्री पाठ सरळ टेकलेली असावी लागते. गादी झोळीसारखी झाली की कंबर वाकलेली राहते, आणि पाठीचे स्नायू झोपेतही तोल सांभाळत ताणलेले राहतात.

इथे तुमच्यातले काही काका म्हणतील (आमच्या समोरच्या घरातले म्हणालेच), ‘कंबर दुखते ना, मग जमिनीवर चटई टाकून झोप. आम्ही आयुष्यभर झोपलो.’ कडक तितकं चांगलं, असं डॉक्टरही वर्षानुवर्षं सांगत आले. पण २००३ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास छापून आला. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांचे दोन गट केले. एका गटाला कडक गादी दिली, दुसऱ्याला मध्यम कडक. आपल्याला कुठली मिळाली हे झोपणाऱ्यांना माहीत नव्हतं. ९० दिवसांनी बघितलं तर अंथरुणात पडल्यावरचं आणि उठतानाचं दुखणं मध्यम कडक गादीवाल्यांचं जास्त उतरलं होतं. अब्बांना हे सांगितलं तर त्यांना काही विशेष वाटलं नाही. ‘खांदा आणि कुल्हा थोडा बुडला पाहिजे, कंबर बुडता कामा नये’ हे ते गिऱ्हाइकाला रोज सांगतात. सिंगल गादीत दहा किलो चांगला कापूस सारखा पसरला आणि नीट टाके घातले की हेच होतं. फोमची घ्यायची तर डेन्सिटी विचारून घ्या. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. ३२ किंवा ४० चा फोम बरीच वर्षं आकार धरून राहतो; त्याच्या निम्म्या वजनाचा फोम दिसायला तेवढाच जाड असतो आणि सहा महिन्यांत पापड होतो. दुकानदार जाडी सांगतो, डेन्सिटी सांगत नाही. तुम्हीही विचारत नाही, कारण त्यावर तुम्ही झोपत नाही.

कंबर माझी झाली. श्वास माझ्या शेजारच्या कॉटवरचीचा आहे. ती पुण्यात आली तेव्हा तिला वर्षातून एखाद्या वेळी पंप ओढावा लागायचा. गेल्या वर्षी जुलैपासून उशाशीच असतो. रात्री दोन-तीनला ती उठून बसते, आणि शिट्टीसारखा आवाज येतो. जुन्या कापसात, चिंध्यांत, उशीत एक अगदी बारीक किडा राहतो, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, डोळ्यांना न दिसणारा. डॉक्टर त्याला डस्ट माइट म्हणतात. चावत नाही, काही नाही. आपल्या अंगाची झडलेली कातडी खातो आणि त्याची विष्ठा धुळीबरोबर आपल्या नाकात जाते. ज्याला त्याची ॲलर्जी आहे त्याला शिंका, खाज, दमा. हा किडा पाणी पीत नाही, हवेतली ओल अंगात शोषून घेतो. हवा कोरडी झाली की मरतो. आता विचार करा: वाड्याची दोन फुटी मातीची भिंत, एक खिडकी आणि तीही दुसऱ्या भिंतीत उघडणारी, चार मुलींचे ओले टॉवेल दोरीवर, बाहेर पुण्याचा जुलै-ऑगस्ट, आणि या सगळ्याच्या मध्ये आठ-दहा वर्षांची, एकदाही न पिंजलेली गादी. त्या किड्यासाठी याहून चांगली कॉट बेसिस कुठली?

यावर उपाय महाग नाही. कडकडीत पाण्यात, म्हणजे साठ अंशांच्या आसपास, चादर आणि अभ्रा आठवड्याला धुवायचा. खोळीवर चेनचं घट्ट कव्हर. आणि ऊन. गादी उन्हात टाकून काठीने झोडपायची, दुपारी उलटायची. हे तुमच्या घरात तुमची आई करत होती. आमच्या गच्चीला कुलूप आहे. का, तर समोरच्या इमारतीतून मुली दिसतात. काकू, आम्ही गच्चीवर जाणार ते गादी वाळवायला. समोरच्यांना बघायचंच असेल तर चौदा मुली गाद्या बडवताना बघू देत, पुन्हा वर बघायचे नाहीत.

आता ढेकूण. कागदावर तुम्ही कारण म्हणून लिहिलेत, त्यामुळे त्यांच्यावर जरा थांबते.

बाहेरची गादी बंद केली की ढेकूण बंद होतात, हा हिशोबच चुकलाय. ढेकूण बॅगेतून येतो, कपड्यांतून येतो, जुन्या फर्निचरमधून येतो. आमच्या खोलीत तो गादीत कमी आणि कॉटमध्ये जास्त आहे. रात्री तीनला पोटरीवर चुरचुरलं म्हणून उठले आणि टॉर्च मारला. कॉटच्या पायाच्या पोकळ नळीचं रबरी बूच कधीच पडून गेलंय. त्या भोकाच्या कडेला काळे ठिपके, तांदळाच्या कणीहून बारीक पांढरी अंडी, आणि मसुराएवढा एक, पोट भरलेला, सावकाश आत निघालेला. वेल्डिंगच्या सांध्यात दोन. भिंतीच्या पोपड्याखाली आणखी. ती नळी तुमची, भिंत तुमची. माझी गादी तेव्हा बार्शीत होती.

हा प्राणी चिवट आहे. अंड्यातून निघाल्यावर मोठा होईपर्यंत पाच वेळा कात टाकतो आणि प्रत्येक वेळी त्याला आधी रक्त लागतं, पण मिळालं नाही तर कित्येक आठवडे, थंड हवेत महिनोन्महिने कळ काढतो. दिवाळीला मुली गावी गेल्या की ढेकूण उपाशी मरतील, या आशेत राहू नका. ते आमची वाट बघत असतात. आपण ज्या औषधांची फवारणी करतो त्यांतल्या बऱ्याच औषधांना ते आता दाद देत नाहीत. ढेकणामुळे माणसाला एखादा रोग जडतो असं सिद्ध झालेलं नाही, तेवढा धीर आहे. पण खाजवून खाजवून जखमा होतात, त्या चिघळतात, आणि मुख्य म्हणजे झोप जाते. पूर्वपरीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी दिवा लावून झोपत होते. ढेकूण नसले तरी असल्यासारखे वाटतात. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत; मोठ्या माणसाला निदान सात तास झोप हवी. मला त्या आठवड्यात सलग तीन तासही मिळाली नाही. परीक्षा गेली त्याचं कारण हेच, असं म्हणणार नाही. इकॉनॉमिक्स कच्चं होतं.

मात्र तुमच्या औषधफवारणीबद्दल मी गप्प बसू शकत नाही. गेल्या उन्हाळ्यात एक माणूस आला. हातात पंप, बाटलीला लेबल नाही, तोंडाला मास्क नाही. गाद्या न उचलताच खालून फवारलं, तासाभराने ‘चला, झोपा आता’. त्या रात्री तिघींना उलट्या झाल्या. शेजारच्या मुलांच्या एका घरात तर कॉटखाली धान्यात टाकायच्या गोळ्यांची पुडी ठेवली होती. काका, त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतली ओल लागली की त्यांतून फॉस्फिन नावाचा वायू निघतो आणि त्या विषावर उतारा नाही. बंद गोदामासाठी आहे ती वस्तू, माणसं झोपायच्या खोलीसाठी नाही. घरात पेस्ट कंट्रोल केल्यावर माणसं दगावल्याच्या बातम्या पुण्यातल्याच पेपरांत आपण सगळ्यांनी वाचल्यात. चार-चार जण एका खोलीत खिडकी लावून झोपतात तिथे असली पुडी ठेवणं याला मी निष्काळजीपणा म्हणते, आणि हा सौम्य शब्द आहे.

ढेकूण उष्णतेने मरतो. पन्नास अंशांच्या वर तो टिकत नाही. आमची दादी बाजेच्या चौकटीत आणि सांध्यांत उकळतं पाणी ओतायची, त्यामागे हेच शास्त्र. लोखंडी कॉटला तर पाणी ओतून काही होतही नाही. कॉट अंगणात काढा, सांध्यांत नि नळ्यांत उकळतं पाणी सोडा, वाळल्यावर नळ्यांना बुचं बसवा, भिंतीचे पोपडे काढून चुना मारा. एका रविवारचं काम आहे. आम्ही चौदा जणी हाताखाली येतो.

डागांबद्दलही बोलते, कारण तुम्ही कागदावर लिहून टाकलंय आणि आम्ही मात्र लाजायचं. मुली आहोत, दर महिन्याला पाळी येते, कधी डाग पडतो. मला दिलेल्या गादीवर माझ्या आधीच्या चार-पाच जणींचे डाग आहेत, नवी खोळ चढवली म्हणून ते दिसत नाहीत इतकंच. त्यांचे पाचशे-पाचशे तुम्ही घेतले असतील तर त्या पैशांत ही गादी एव्हाना नवी व्हायला हवी होती.

पैशांचा हिशोब मांडते. नव्या, चांगल्या कापसाची दहा किलोची गादी, खोळ आणि मजुरीसकट, अडीच हजारांच्या आसपास पडते. तुमचं गादीभाडं २५० रुपये. दहा महिन्यांत गादी फिटली. आमच्या घरात चौदा कॉट आहेत, म्हणजे महिन्याला साडेतीन हजार आणि वर्षाला ४२ हजार, नुसते गादीचे. कॉटचे ३,२०० वेगळे, डिपॉझिट वेगळं, आणि त्याची पावती नाही. लेखी, नोंदणी केलेला करार करणं ही १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकाची जबाबदारी आहे; पेठेत किती कॉटवाल्यांकडे तो आहे, ते तुम्हीच सांगा. आम्ही हा विषय काढत नाही, कारण काढला की ‘महिनाअखेर खोली सोडा’. पण तुम्ही कागदावर नियम लावायला सुरुवात केलीत, तेव्हा कागदाचा विषय निघणारच.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. आमच्या काकूंना काका गेल्यापासून या भाड्यावरच घर चालवायचंय. वाड्याच्या डागडुजीला पैसे लागतात, वाटण्यांचे दावे चालू असतात, उद्या बिल्डर आला तर सगळंच जाणार. आम्हीही काही गुणी बाळं नव्हे. मेसचा डबा कॉटवर बसून खातो, रस्सा सांडतो, ओल्या केसांनी झोपतो, खोली सोडताना जुनी उशी, फाटकी पुस्तकं, कुलूप तसंच टाकून जातो. त्या उशांत काय काय असतं ते मलाही माहीत आहे. बाहेरून येणाऱ्या गादीची भीती वाटणं साहजिक आहे. मग ती दारातच तपासा. शिवणी बघा, कोपरे बघा, दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवायला सांगा. सरसकट मनाई करून वर भाडं लावणं याला मात्र ढेकणांचा बंदोबस्त म्हणत नाहीत.

आम्ही पेठेतली पोरं मोठ्या गोष्टींसाठी रस्त्यावर येतो. २०२१ च्या मार्चमध्ये परीक्षा ऐन वेळी पुढे ढकलली तेव्हा इथे सगळा रस्ता विद्यार्थ्यांनी भरला होता. गादीसाठी कोणी रस्त्यावर येणार नाही. सहा बाय अडीच फुटांच्या जागेवरून काय बोलायचं, असं प्रत्येकीला वाटतं. दोन वर्षं काढायची, पोस्ट निघाली की सुटलो. माझी ही चौथी कॉट आहे. तुम्ही आम्हाला खोली भाड्याने देत नाही, कॉट देता. पाटीवर तसंच लिहिता आणि पैसेही कॉटमागेच मोजून घेता. तेव्हा ती कॉट झोपण्यालायक असावी, एवढ्याच एका गोष्टीवर मी आले आहे.

तर मागण्या.

ज्या मुलीला स्वतःची गादी आणायची आहे तिला आणू द्या आणि तिच्याकडून गादीभाडं घेऊ नका. जिला तुमची हवी तिला तुमची द्या, पण आतून गादी असलेली. गुडघा टेकवून फळी लागली की ती बदला. कापसाची असेल तर दर दोन वर्षांनी पिंजून घ्या. मुलगी बदलली की खोळ धुऊन मगच पुढचीला द्या. जुने डाग कोणाचे हे ठरवता येत नसेल तर डागाचा दंड रद्द करा.

गच्ची रविवारी सकाळी दहा ते दुपारी दोन उघडी ठेवा. पावसाळ्यात ऊन पडेल त्या दिवशी, मग तो कुठलाही वार असो.

कॉटवर अखंड प्लाय टाका. नळ्यांना बुचं बसवा. बूच हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, किरकोळ पैशांत.

फवारणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. दोन दिवस आधी सांगा. कुठलं औषध आहे ते बोर्डावर लिहा, आणि त्या रात्री आम्हाला खोलीत झोपायला लावू नका; आम्ही मैत्रिणींकडे सोय करतो. गोळ्या-पुड्या कॉटखाली कधीही नकोत.

डिपॉझिटची पावती द्या.

एवढंच. यातलं एकही काम असं नाही की ज्यासाठी वाडा विकावा लागेल.

माझ्याकडून एक देऊ शकते. अब्बांशी बोलले आहे. पाऊस उघडला की, नवरात्राच्या आधी, ते मशीन टेम्पोत टाकून पुण्यात यायला तयार आहेत. आमच्या गल्लीतल्या ज्या घराला गाद्या पिंजून घ्यायच्या असतील त्यांनी अंगण आणि लाइट द्यावी. मजुरी बार्शीच्या दराने, आणि ज्या गादीत नुसत्या चिंध्या निघतील ती ते पिंजणार नाहीत, तसं तोंडावर सांगतील. टाके घालायला मी आहे. नावं जिन्यातल्या त्या कागदाखालीच लिहा, जागा शिल्लक आहे.

पण आमच्या काकूंनी तोपर्यंत थांबू नये. परवा हात लावला तर वळकटीच्या खालच्या टोकाला प्लॅस्टिकला आतून दव धरलेलं होतं. अजून दोन-चार दिवसांत कापसाला वास धरेल, मग ती माझ्याही उपयोगाची नाही. वर न्यायला दोघी पुरतात. फक्त हो म्हणा.

आपली,
दारापासून तिसरी कॉट